पुडीतला घास आणि मनाचे स्वास्थ्य

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील एक गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक, मुंबई-आग्रा महामार्गाचा शेजार आणि औद्योगिक वसाहत या तीन गोष्टींमुळे या गावाचा दिवस आता घड्याळाच्या काट्यावर चालतो. पाळी बदलणारे कामगार, धुळ्याकडे वा अमळनेरकडे ‘अप-डाऊन’ करणारे शिक्षक आणि कारकून, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेकडे निघालेले तरुण असे खानदेशातील बदललेल्या जीवनक्रमाचे सारे प्रतिनिधी सकाळच्या वेळी येथे पाहावयास मिळतात. एके काळी अशा प्रवाशाच्या हाती फडक्यात बांधलेली शिदोरी असे. तीत कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा आणि हंगामात वांग्याचे भरीत असे. आज टपरीवर टांगलेल्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळेतून एक पुडी तोडली जाते, चहात चार बिस्किटे बुडविली जातात आणि ‘नाश्ता झाला’ असे म्हणून माणूस गाडीत चढतो. पुष्कळदा दुपारचे जेवणही याच रीतीने उरकले जाते.

या पुडीमुळे वजन वाढते, रक्तातील साखर वाढते, हृदयविकाराला आमंत्रण मिळते, हे आता बहुतेकांनी ऐकलेले आहे. ऐकून सोडूनही दिलेले आहे. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत संशोधकांनी एक निराळाच प्रश्न पुढे आणला आहे. प्रौढ माणसाला जडणारी उदासी, अकारण चिंता, चिडचिड आणि कामावरून उडालेले लक्ष यांचा त्याच्या ताटाशी काही संबंध आहे काय? प्रश्न नाजूक आहे. त्याचे उत्तर अतिरंजित करण्याचा मोह होतो आणि हसण्यावारी नेण्याचाही. दोन्ही टाळून तो तपासला पाहिजे, कारण ज्या वर्गाच्या हाती ही पुडी आली आहे तो वर्ग मनाचे दुखणे बोलून दाखविणारा नाही.

अन्नाचा मनाशी संबंध असतो ही कल्पना आपल्याला नवी नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवतो. सारे वेद मुखोद्गत असलेल्या त्या तरुणाला मग एकही ऋचा आठवत नाही. पोटात अन्न गेल्यावर त्या पुन्हा आठवू लागतात. मन अन्नातून घडते हे बापाने मुलाला असे प्रयोगाने पटविले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या गीतेचा सतरावा अध्याय माणसाच्या वृत्तीबरोबर त्याच्या आहाराचेही तीन प्रकार सांगतो. अर्थात परंपरेत एखादी गोष्ट सांगितली आहे एवढ्याने ती सिद्ध होत नाही. पण आधुनिक विज्ञान ज्या वाटेने निघाले आहे ती वाट आपल्या परिचयाची आहे, एवढे यावरून म्हणता येईल.

प्रक्रिया म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रक्रिया केलेले सारेच अन्न वाईट, असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. ज्वारीचे बिबडे, कुरडया, शेवया, पापड, लोणचे, ताक हे सारे प्रक्रिया केलेलेच पदार्थ आहेत. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणे घालणाऱ्या खानदेशी गृहिणीने अन्न टिकविण्याचे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे प्राध्यापक कार्लोस मोंतेरो यांनी २००९ च्या सुमारास हाच भेद नेमकेपणाने मांडला. त्यांच्या वर्गीकरणात अन्नाचे चार गट आहेत : जसेच्या तसे किंवा किरकोळ संस्कार केलेले अन्न, तेल, मीठ, साखर यांसारखे स्वयंपाकाचे घटक, या दोहोंच्या मिश्रणातून बनविलेले साधे टिकाऊ पदार्थ, आणि चौथा गट अतिप्रक्रियित अन्नाचा. या चौथ्या गटातील पदार्थ मूळ धान्यापासून फार दूर गेलेले असतात. धान्याचे आधी स्टार्च, ग्लुकोज, प्रथिने, तेल असे तुकडे करावयाचे, मग त्या तुकड्यांना रंग, सुवास, गोडी आणि मऊपणा देणारी द्रव्ये मिसळून त्यातून नवा पदार्थ उभा करावयाचा, अशी ही रीत आहे.

ती समजून घेण्यास खानदेशी वाचकाला फार दूर जावयास नको. नरडाण्याच्याच तालुक्यात, दोंडाईच्याला, मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे. असे स्टार्च कापड, कागद, औषधे अशा अनेक उद्योगांना लागते आणि तो व्यवसाय पूर्णपणे प्रतिष्ठेचा आहे. त्याच तंत्राने मक्यापासून द्रव ग्लुकोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन तयार होते, आणि हीच नावे पुडीच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेली आढळतात. शेतातून जाताना जो मका होता तो टपरीवर परत येताना ओळखू येत नाही. घरातला पापड आणि ही पुडी यांत हा फरक आहे. पापडात उडीद उडीदच राहतो.

लंडनचे कारकून आणि मेलबर्नचे रुग्ण

आता पुराव्याकडे वळू. या विषयावरील एक प्रारंभीचा महत्त्वाचा अभ्यास या पानाच्या वाचकांना जवळचा वाटेल, कारण तो सरकारी नोकरांचा आहे. लंडनमधील शासकीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा ‘व्हाइटहॉल’ या नावाने दीर्घकाळ पाठपुरावा केला जात आहे. त्यांतील सुमारे साडेतीन हजार मध्यमवयीन कर्मचाऱ्यांच्या आहाराची नोंद घेऊन पाच वर्षांनी त्यांच्या मनःस्थितीची तपासणी करण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोड पदार्थ, तळीव, मैद्याचे आणि प्रक्रिया केलेल्या मांसाचे पदार्थ सर्वाधिक खाणाऱ्या गटात नैराश्याच्या लक्षणांची शक्यता सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत दीडपटीहून अधिक आढळली. भाज्या, फळे, मासे यांवर भर देणाऱ्यांत ती कमी होती.

त्यानंतर असे अनेक अभ्यास झाले. २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यांचा एकत्रित आढावा छापला. सुमारे ९९ लाख लोकांची माहिती असलेल्या या आढाव्यात अतिप्रक्रियित अन्न अधिक खाणाऱ्यांमध्ये चिंताविकाराची शक्यता सुमारे ४८ टक्क्यांनी, तर नैराश्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी अधिक दिसला. येथे सुजाण वाचक एक शंका घेईल आणि ती रास्त आहे. उदास माणसाला स्वयंपाक करण्याचीच उमेद नसते; मग तो पुडीकडे वळतो. तेव्हा पुडीमुळे उदासी आली की उदासीमुळे पुडी आली? शिवाय ज्याचा पगार तुटपुंजा, काम रात्रपाळीचे आणि घर दूर, तो पुडीही खातो आणि कष्टीही असतो. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

या शंकेला उत्तर केवळ प्रयोगच देऊ शकतो. तसा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ६७ प्रौढांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आहारतज्ज्ञांनी भाज्या, फळे, अख्खे धान्य, कडधान्ये, दाणे, मासे असा आहार शिकविला; दुसऱ्याला तितकाच वेळ केवळ सोबत आणि गप्पा मिळाल्या. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील जवळजवळ एक तृतीयांश लोकांचे नैराश्य ओसरले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण अवघे आठ टक्के होते. प्रयोग लहान होता, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, या त्याच्या मर्यादा आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे औषधोपचार वा समुपदेशन आधीपासून चालूच होते, हेही विसरता कामा नये. म्हणजे आहार ही उपचाराची जागा घेणारी गोष्ट नाही. उपचाराला हात देणारी आहे. परंतु ताट बदलल्याने मनःस्थिती बदलू शकते याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

हे कसे घडत असावे याविषयी तीन-चार उपपत्ती मांडल्या जातात. आतड्यात राहणारे असंख्य सूक्ष्म जीव धान्याच्या कोंड्यावर आणि भाज्यांच्या तंतूंवर जगतात. पुडीत तंतू नसतात. त्यामुळे हे जीव उपाशी राहतात आणि शरीरात सौम्य पण सतत टिकणारा दाह निर्माण होतो. असा दाह आणि नैराश्य यांचे साहचर्य अनेकदा दिसून आले आहे. मैदा आणि साखर यांनी रक्तातील साखर झपाट्याने चढते आणि तितक्याच झपाट्याने उतरते. त्या उतारावर माणूस थकतो आणि चिडतो. मेंदूला लागणारी ब गटातील जीवनसत्त्वे, लोह आणि जस्त पुडीत बेताचेच असते. शिवाय असे अन्न नकळत जास्त खाल्ले जाते. अमेरिकेत २०१९ साली केव्हिन हॉल यांनी वीस प्रौढांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचे अन्न हवे तितके खाऊ दिले, तेव्हा अतिप्रक्रियित अन्नाच्या काळात ते दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात असल्याचे आढळले. पोट भरल्याची खूण मनाला वेळेवर पोचतच नाही, असा याचा अर्थ.

प्रश्न इच्छाशक्तीचा नाही

एवढे वाचून ‘मग लोकांनी पुड्या खाऊ नयेत, झाले’ असा उपदेश करणे सोपे आहे. या लेखाचा मुख्य मुद्दा असा की हा उपदेश निरुपयोगी तर आहेच, अन्यायाचाही आहे. नरडाण्याच्या स्थानकावर पुडी तोडणारा माणूस जिभेचा गुलाम झालेला नसतो. त्याच्याकडे वेळ नसतो. पहाटेची गाडी, बारा तास घराबाहेर, कामाच्या ठिकाणी बसून जेवण्याची सोय नाही, अशा जीवनक्रमात टिकणारी, सांडणार नाही आणि उभ्याने खाता येईल अशी वस्तू तो निवडतो. पुडी त्याच्यासाठीच घडविलेली आहे. जेवण नाहीसे झाले आणि त्या रिकाम्या जागी पुडी आली, असा हा क्रम आहे.

आणि जेवणाबरोबर बरेच काही गेले. शिदोरी सोडताना माणूस खाली बसत असे, शेजाऱ्याला भाकरीचा तुकडा देत असे, त्याच्या ठेच्याची चव पाहत असे. वीस मिनिटे का होईना, कामाला खीळ बसे. कार्यालयातील कनिष्ठ लिपिकाची अडचण, नव्या शिक्षकाचे घरचे दुःख हे सारे डबा खाताना बोलले जाई. पुडी एकट्याने, मोबाइलकडे पाहत खाल्ली जाते. मनाच्या स्वास्थ्यातला किती भाग अन्नाच्या रसायनाचा आणि किती या सोबतीचा, हे वेगळे काढणे कठीण आहे; पण पुडीने दोन्हींवर घाला घातला आहे. स्पर्धा परीक्षेसाठी धुळ्यात किंवा जळगावात खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाची अवस्था याहून बिकट असते. खानावळीचे पैसे वाचवून तो रात्री झटपट शेवया उकळतो, झोप उडविण्यासाठी गोड कॉफी पितो आणि निकाल मनासारखा लागला नाही म्हणजे सारा दोष स्वतःच्या बुद्धीला देतो.

जेवणाची वेळ ही कामगारांना सहजी मिळालेली गोष्ट नाही, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचीही मागणी होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली. २०२० साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा शंभरावर आणली. परंतु आपल्या औद्योगिक वसाहतींत आज बहुसंख्य माणसे लहान कारखान्यांत आणि कंत्राटावर राबतात. अशा विखुरलेल्या कामगाराला अर्धा तास कागदावर मिळतो. त्या अर्ध्या तासात बसण्यास सावली आणि खाण्यास गरम अन्न मिळतेच असे नाही.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला किमतीचा. दहा रुपयांत पुडी मिळते; दहा रुपयांत जेवण कोठे मिळते? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. दहा रुपयांची पुडी दोन तासांत पुन्हा भूक लावते आणि दिवसभरातील अशा चार पुड्यांचा, चहाचा आणि गोड पेयांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ऑस्ट्रेलियातील त्या प्रयोगातही सुचविलेला आहार रुग्णांच्या पूर्वीच्या खाण्यापेक्षा स्वस्तच पडला होता. आपल्याकडे ज्वारी, उडीद, शेंगदाणे, मुळा, मेथी आणि जळगावची केळी यांपैकी काहीही परदेशातून आणावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘जुने अन्न परत आणा’ असे पुरुष म्हणतात तेव्हा पहाटे चार वाजता उठून भाकरी थापणार कोण, हा प्रश्न ते सोयीस्करपणे विसरतात. त्या शिदोरीच्या गाठीत एका स्त्रीची अपुरी झोप बांधलेली असे. आज तीच स्त्री शाळेत शिकविते, कार्यालयात बसते किंवा कारखान्यात उभी राहते. पुडी तिच्याही पर्समध्ये असते आणि उदासी तिच्याही वाट्याला येते. तेव्हा शिदोरीचा भार पुन्हा तिच्या माथी मारून हा प्रश्न सुटणार नाही. घरातील पुरुषाने तव्यासमोर उभे राहणे हा त्यावरचा पहिला उपाय आणि चांगले अन्न घराबाहेर, मोल देऊन मिळणे हा दुसरा.

तिसरा आक्षेप असा की मनाच्या आजाराची कारणे कर्ज, बेकारी, दुष्काळ, घरातील कलह ही आहेत. भाकरीने ती दूर होणार नाहीत. हे सोळा आणे खरे आहे. कपाशीचा भाव पडल्याचे दुःख भरिताने भरून निघत नाही, आणि नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला ‘नीट जेवत जा’ एवढेच सांगणे क्रूरपणाचे आहे. अशा माणसाला डॉक्टरांकडेच नेले पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या आणि कार्यालयाच्या फलकावर असला पाहिजे. परंतु ज्या संकटांना तोंड द्यावयाचे आहे त्यांना तोंड देणारे मन तरी धड असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

काय करता येईल?

शासनाची भूमिका या बाबतीत एकसूत्री दिसत नाही. २०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अतिप्रक्रियित अन्न मर्यादित ठेवण्याचा स्पष्ट सल्ला आहे. जानेवारी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणीने अशा अन्नाचा मानसिक स्वास्थ्याशी असलेला संबंध नमूद केला, वेष्टनाच्या दर्शनी भागावर इशारा देण्याची आणि त्यावरील कर वाढविण्याची दिशाही सुचविली. त्यानंतर आठ महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, इतर अनेक वस्तूंबरोबर बिस्किटे, नमकीन आणि झटपट शेवया यांवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आला. गरिबाला स्वस्ताई मिळावी हा हेतू समजण्यासारखा आहे. पण स्वस्त काय करावयाचे याचाही विचार झाला पाहिजे. चिलीसारख्या देशाने २०१६ पासून जादा साखर, मीठ वा चरबी असलेल्या पाकिटांवर ठळक काळे अष्टकोन छापण्याची सक्ती केली. अशी खूण आपल्याकडेही मराठीत आणि मोठ्या अक्षरांत आली पाहिजे. जी माहिती वाचण्यासाठी भिंग लागते ती न दिल्यासारखीच आहे.

पण सारे काही दिल्लीवर सोपवून चालणार नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून दिले. कामगाराला घरगुती अन्न मिळाले आणि स्त्रीच्या श्रमाला दाम मिळाला. नरडाण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत, जेथे एकेका लहान कारखान्याला उपाहारगृह परवडत नाही, तेथे दहा कारखान्यांनी मिळून एक चालविण्यास काय हरकत आहे? आसपासच्या गावांतील महिला बचत गटांकडे ते काम सोपविता येईल. वरण-बट्टी, कळण्याची भाकर, डाळीचे फुणके, शेंगदाण्याची चटणी यांसाठी आचारी परगावाहून आणावा लागणार नाही. जागा औद्योगिक विकास महामंडळाने द्यावी, भांडवल बँकेने द्यावे आणि गिऱ्हाईक तर दाराशी उभेच आहे.

शिक्षक आणि कारकून यांनी आपल्यापुरते आरंभ करण्यास कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. मधल्या सुटीत विद्यार्थ्यांना शिजविलेले अन्न वाढले जाते त्याच वेळी शिक्षक-खोलीत बिस्किटांचा पुडा फुटतो, ही विसंगती थांबविता येईल. कार्यालयीन बैठकीत बिस्किटांच्या बशीऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे किंवा केळी ठेवता येतील. खर्च वाढणार नाही. आठवड्यातून निदान तीन दिवस डबा सोबत बसून खाण्याचा नियम एखाद्या शाखेने करून पाहावा. अभ्यासिकांच्या चालकांनी एक शेगडी आणि दोन बाके यांची सोय केली तर कित्येक तरुणांच्या रात्री सुसह्य होतील. आणि थकवा, निद्रानाश, उदासी अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाला गावातील डॉक्टरांनी ‘दुपारी काय जेवता, कोठे जेवता, कोणाबरोबर जेवता?’ हे तीन प्रश्न आवर्जून विचारावेत.

पुडी नाहीशी होणार नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. प्रवासात, अडीअडचणीला ती उपयोगी पडते. परंतु अडचणीची वस्तू रोजची झाली, आणि रोजची झाली म्हणून तिची अडचण वाटेनाशी झाली, ही स्थिती कोणत्याही समाजाने स्वस्थपणे स्वीकारावी अशी नाही. लोखंडे यांनी जो अर्धा तास मागितला तो कायद्याने मिळाला. त्या अर्ध्या तासात नरडाण्याच्या कामगाराला, शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला खाली बसून चार माणसांत भाकर मोडता यावी, एवढी व्यवस्था करणे अजून बाकी आहे. मानसिक आरोग्याच्या मोठमोठ्या योजनांत या साध्या गोष्टीला जागा मिळाली पाहिजे.